भट्टीवर असताना विचारायचं नाही

मागच्या उन्हाळ्यात माझी लेक रोज दुपारी मला माडीवरच्या खोलीत खुर्चीवर बसवायची आणि माझ्यासमोर उभी राहून इंग्रजीत बोलायची. टेबलावर लॅपटॉप उघडा असायचा. त्यात रंगीत गोळ्यांची चित्रं होती, एकात एक अडकलेल्या जाळीसारखी. मला त्यातलं काही कळणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. मुलाखतीत बोलायचा सराव करायला तिला फक्त समोर कुणीतरी बसलेलं हवं होतं.

"तू नुसती माझ्याकडं बघत राहा, आई," ती म्हणायची.

मी चारचौघांत मान वर करत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझा भांगच तेवढा दिसतो. पण त्या दुपारी मी तिच्याकडे पोटभर बघून घेतलं. एरवी मोठ्या झालेल्या लेकराकडे इतका वेळ टक लावून कोण बघू देतं? बोलताना ती उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरवते, अगदी तिच्या वडलांसारखा. अडखळली की खिडकीबाहेर बघते. ती आता परमुलखात आहे आणि दुपारी जेवणं झाली की मला ती खोली आठवते.

तिचं काम तिने मला भाजी निवडताना समजावलं होतं. आपल्या मोबाईलच्या बॅटरीत आत ओलं द्रव असतं, ते कधी कधी पेट घेतं. आता लोकांना अशी बॅटरी हवी आहे जिच्यात द्रवच नाही, सगळं घट्ट. पण मग त्या घट्ट पदार्थातून लिथियमचे कण चालत गेले पाहिजेत, नाहीतर वीज मिळायची नाही. कुठला पदार्थ त्यांना वाट देईल? मिश्रणं तर अगणित. एकेक करून बघायचं तर जन्म पुरणार नाही. म्हणून ती कॉम्प्युटरवर गणित मांडून बघते. गणितातच पदार्थ तापवायचा आणि कोणता कण हलतो ते बघायचं.

मी विचारलं, मग भट्टी कुठं असते? ती हसून म्हणाली, भट्टी दुसरे लावतात, कशाची लावायची ते आम्ही सांगतो.

पुण्यात तिची डॉक्टरेट झाली होती. पुढे असं संशोधन करायचं तर कुठल्यातरी प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षांची जागा मिळवावी लागते. ती विट्याला आमच्याकडे राहून अर्ज करत होती. जाहिराती मला मराठीत करून सांगायची. एकांना गंधकाच्या मिश्रणांवर काम करणारं माणूस हवं, दुसऱ्यांना कॉम्प्युटरला अंदाज बांधायला शिकवणारं. बहुतेक ठिकाणांहून नकार यायचा, तोही फार गोड भाषेत. नकार आला की ती खाली येऊन पाणी प्यायची.

माझी थोरली जाऊ शेजारीच राहते. ती रोज अंगणातून विचारायची, "आलं का गं काही? का अजून अर्जच?" लेक नुसती हसायची. मी मात्र कधीच विचारलं नाही. का विचारलं नाही ते सांगायचं तर मला मागं जावं लागेल.

विट्याकडची पुष्कळ माणसं सोनं गाळायला देशभर गेली, तसे माझे मालकही गेले. तमिळनाडूतल्या एका गावात आमचं गलाईचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आमची एक खोली, मध्ये पडदा. मी फलटणकडची, मोकळ्या रानातून तिथं गेले. भाषा येत नव्हती, आणि येत असती तरी मी बोलले नसते. पण त्या खोलीत मी सुखात होते. समोरच्या गल्लीतली बाई संध्याकाळी मोगरा विकायला यायची आणि आमचं सगळं बोलणं खुणांनी व्हायचं. लेक तिथंच रांगायला लागली, तिथंच चालायला लागली. पडद्याला धरून ती दुकानात डोकावायची.

गिऱ्हाईक जुने दागिने घेऊन यायचं. मालक ते मुशीत, म्हणजे भट्टीतल्या मातीच्या भांड्यात, वितळवायचे, त्यात चांदी मिसळायचे आणि मग तेजाबात टाकायचे. पिवळट धूर निघायचा. चांदी-तांबं तेजाबात विरून जायचं आणि तळाला सोनं राहायचं, पण ते सोन्यासारखं दिसत नसे. नाचणीच्या पिठासारखी तपकिरी भुकटी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, सगळं जळून गेलं. ती भुकटी धुऊन पुन्हा मुशीत वितळवली की मग पिवळी लगड निघायची.

लेक विचारायची, चांदी पळून जाते मग सोनं का नाही जात? हे म्हणायचे, "त्येचं त्येला ठावं." पुढं तिने तेच शोधायला घेतलं असं मला वाटतं. ती म्हणते, तसं काही नाही, मार्क चांगले पडले म्हणून.

त्या दुकानात एक रीत होती. मूस भट्टीवर असताना कुणी विचारायचं नाही. किती निघेल, कसं निघेल, झालं का, एक शब्दही नाही. गिऱ्हाईक समोर जीव मुठीत धरून बसलेलं असतं. बाईचं मंगळसूत्र असतं, कुणाच्या आईच्या पाटल्या असतात. आपण काही बोललो आणि कमी निघालं तर संशय येतो, जास्त बोललो तर आशा वाढते. म्हणून लगड गार होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत घरातल्यांनी तोंड मिटायचं. मी चहा द्यायचे, पाणी द्यायचे. विचारायचे नाही. माझ्या स्वभावाला ती रीत इतकी मानवली, की पुढे ती दुकानापुरती उरलीच नाही. यांचा खोकला वाढून तपासण्या झाल्या, तेव्हाही रिपोर्ट येईपर्यंत मी यांना ताट वाढत राहिले. दुकान भाच्याला देऊन आम्ही विट्याला परतलो, तो निर्णयही यांनीच आधी सांगितला.

लेक पाचवीपासून साताऱ्याला माझ्या भावाकडे शिकली. तिला भट्टी आठवते, तेजाबाचा धूर आठवतो. न बोललेलं कसं आठवणार?

मे महिन्यात जर्मनीतल्या एका ठिकाणाहून तिची मुलाखत ठरली, कॉम्प्युटरवरच. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. त्या दिवशी मी खाली मिक्सर लावला नाही, यांना अंगणात बसायला पाठवलं. ती जिना उतरून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. मी ताट वाढलं आणि म्हटलं, जेवून घे. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग जेवली.

त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. मला वाटलं, मूस अजून तापते आहे. मी तिच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली. डोक्याला तेल लावू का म्हटलं तर नको म्हणाली. खुर्चीवर बसायला मला पुन्हा बोलावलं नाही.

मग कुरडयांचा दिवस आला. पहाटेच गव्हाचा चीक शिजवून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ती सोऱ्यात चीक भरायची, मी कागदावर पिळायचे. चीक गरम आहे तोवर भराभर उरकावं लागतं. निम्म्या कुरडया झाल्या असतील. ती पातेल्यात बघतच म्हणाली, "आज मी त्यांना नाही म्हणून कळवते."

"कुणाला?"

"जर्मनीवाल्यांना. त्यांनी जागा दिलीय मला. आठवडा झाला. आज शेवटचा दिवस आहे."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. जागा मिळाली तर नकार का द्यायचा, मला कळेना.

"तू एकदाही विचारलं नाहीस, आई. मुलाखत झाली त्या दिवशीही नाही. काकू रोज विचारते, पेपर टाकणारा विचारतो. तुला मी जायलाच नको असेल तर तसं सांग ना. बाबांचा खोकला, तू एकटी. मला कळतंय. पण गप्प नको बसूस."

मी सोऱ्या कागदावर ठेवला. हे पाण्याच्या टाकीजवळ बसून आदल्या दिवशी घातलेले पापड उलटत होते. ते तिथूनच म्हणाले, "अगं, ती न्हाई इचारायची. गलाईवाल्याची बायकू हाय ती. मूस चुलीवर आसंल तवर आमच्यात कोण इचारत न्हाई."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिला पडद्यामागची खोली, चहाचे पेले, जीव मुठीत धरून बसलेल्या बायका, सगळं सांगितलं. इतकं सलग मी तिच्याशी आधी कधी बोलले नव्हते. तिला वाटत होतं तिची आई तिला धरून ठेवते आहे, आणि मी तर तिची मूस उतरायची वाट बघत होते.

"म्हणजे तुला मी जायला हवंय?" ती म्हणाली.

हवं कसं असणार? पण ते तिला तसंच सांगितलं असतं तर ती राहिली असती. मी म्हटलं, "मला तू नकोयस असं नाही. पण तू जा."

ती चिकाच्या हातांनीच रडली, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून हसली. हे म्हणाले, "आता इचार की तिला काय इचारायचं ते. लगड निघाली."

मग मी विचारलं. राहायला खोली कशी असेल, स्वयंपाक कुणी करायचा, तिथं शेजारी कुणी आपलं बोलणारं आहे का, पगारात भागेल का, ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते तापट आहेत का, एकटीने बाहेर पडायला भीती नाही ना. वर्षानुवर्षांचं साठलेलं असल्यासारखं. ती एकेकाचं उत्तर देत राहिली. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाली. चीक पातेल्यात गार होऊन दगडासारखा बसला. जाऊबाई जिन्यातून डोकावून म्हणाल्या, "एवढा चीक वाया घालवला व्हय दोघींनी?"

लेकीने हात धुतले, लॅपटॉप गच्चीवरच आणला आणि सावलीत बसून होकार लिहिला. पाठवायच्या आधी तिने तो मला वाचून दाखवला, मराठी करून. दोनच ओळी होत्या. मी विचारलं, एवढंच?

ती म्हणाली, एवढंच पुरतं, आणि तिने तो पाठवला.