खुंटीवरचं कुलूप

“उचल ती पिशवी.”

“नाही उचलत.”

“काउंटरवरून उचल आधी. गिऱ्हाइकांची कुलपं ठेवायची जागा आहे ती.”

“मग खाली ठेवते. पण परत नेत नाही.”

“आई, मी तोंड उघडायच्या आत जा.”

“उघड की! तुझं तोंड बंद कधी असतं? पोटात होतीस तेव्हापासून लाथा घालतेयस.”

दुकान एवढंसं. दोघी उभ्या राहिल्या की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या, दात न पडलेल्या, ओळीने लटकलेल्या. काउंटरच्या कडेला शिकंजा, शिकंज्यात अर्धवट कानसलेली पितळी किल्ली. शिकंज्यामागे उभी होती ती दुकानाची मालकीण; सगळी गल्ली तिला कुलूपवाली म्हणते. आणि समोर, पदराने मान पुसत, गुडघे चोळत, तिची आई. पायऱ्या चढून आल्यामुळे तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, पण जीभ जागेवर होती.

“तुला कोणी सांगितलं?” कुलूपवालीने विचारलं.

“मास्तरीणबाईंनी. फोन केला त्यांनी. स्वतःचा पाय प्लास्टरमध्ये, आणि काळजी तुझी.”

“पाय मोडलाय ना तिचा? थांब, जीभही मोडते.”

मास्तरीण म्हणजे कुलूपवालीची मैत्रीण. शाळेत गणित शिकवते. ज्या शस्त्रक्रियेसाठी कुलूपवाली तयारी करत होती, ती मास्तरणीची आधीच होऊन गेली होती. त्यामुळे कुठला डॉक्टर धड बोलतो, कुठला नुसता बघत बसतो, हे सगळं तिला पाठ. पुरुषाच्या शरीरात जन्मलेल्या बाईने स्वतःच्या शरीरापर्यंत कसं पोचायचं, याचा रस्ता मास्तरणीने तिला हाताला धरून दाखवला होता. सिगारेट सोडायला लावली. केस काढायच्या लेझरला सोबत बसली. दोन वेगवेगळ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे तेच ते प्रश्न. दुसऱ्याला कुलूपवाली म्हणाली, “पहिल्यांनी लिहून घेतलंय ते बघा. मधल्या काळात माझं काही बदललेलं नाही.” मास्तरीण बाहेर बाकावर बसून हसत होती.

आणि नंतर सोबत राहायचं तेही मास्तरणीनेच कबूल केलं होतं. सर्जनबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “घरी कोण आहे? टेबलावरचं मी बघते. त्यानंतरचं कोण बघणार?” कारण त्यानंतर कित्येक आठवडे काही उचलायचं नाही. टाके, नळी, रोजच्या उपचारांची वेळ पाळायची. शटर तर विसरूनच जायचं. माणूस नसेल तर तारीख नाही, असं बाईंचं साधं गणित. कुलूपवालीने पलंग सरकवून न्हाणीजवळ आणला. बसायला मधे भोक असलेली उशी आणली. सगळं झालं, आणि मास्तरीण शाळेच्या पायऱ्यांवरून घसरली.

तारीख तोंडावर आली होती. ती सोडली तर दुसऱ्या कुणाला जाणार, आणि पुढची कधी, ते सर्जनबाईही सांगेनात.

“मी राहते,” आई म्हणाली. “कपडे आणलेत. औषध आणलंय माझं. तुझी नळी-बिळी सगळं करीन. लहानपणी केलंच आहे.”

“लहानपणी केलंस, त्यानंतर काय केलंस ते सांगू का? की गल्लीला ओरडून सांगू?”

“सांग. गल्लीला ठाऊक आहेच.”

गल्लीला खरंच ठाऊक होतं, कारण असली गोष्ट फक्त कुलपं करणाऱ्यांच्याच घरात घडू शकते.

त्यांच्या घरची रीत अशी, की धंदा शिकणाऱ्याने पहिलं कुलूप स्वतःच्या हाताने घडवायचं. ते विकायचं नाही. दुकानात खुंटीवर टांगायचं, आणि त्याची किल्ली घडवणाऱ्याने आपल्याजवळ ठेवायची. आजोबांचं होतं, वडिलांचं होतं, दादाचं होतं. दादाच्याला गंज चढला होता. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत देखणं कुलूप हिचं. दाराच्या फळीत बसवायचं, बाहेरून किल्ली, आतून गोल मूठ. वडील ते गिऱ्हाइकांना काढून दाखवायचे आणि विकत नाही म्हणायचे.

मग एके दिवशी हिने घरात सांगितलं, मी मुलगा नाही. वडील जेवणावरून उठले. दादाने ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी ती कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला गेली, आणि परत आली तर घराच्या दाराला नवीन कुलूप. तिने वाकून बघितलं. तिचंच होतं. खुंटीवरचं.

रागात माणूस आंधळा होतो म्हणतात. दादा धंद्यातला असून इतका आंधळा झाला होता, की जिला बाहेर ठेवायचं तिच्याच हातचं कुलूप त्याने दाराला बसवलं. स्वतःसाठी त्याच्या नव्या किल्ल्या कापल्या. आणि मूळ किल्ली त्या वेळी हिच्या गळ्यात, शर्टाच्या आत!

तिने ती बाहेर काढली. भोकाशी नेली. आणि पुन्हा शर्टात टाकली. उघडून आत गेली असती तर दादाने चोर म्हणून धरून दिलं असतं. पण तिला ते कारण पुरेसं नव्हतं. तिला वाटलं, घालवलं यांनी, तर उघडतीलही हेच.

कुणी उघडलं नाही. तेव्हापासून किल्ली गळ्यातच आहे, आता ब्लाउजच्या आत.

मग तिने दादाच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर हे दुकान घेतलं, मुद्दाम. कुणी दादाकडचं कुलूप दुरुस्तीला आणलं, की त्याच्यासमोर अंबाड्यातली पिन काढायची, कुलूप उघडायचं, पिन परत अंबाड्यात खोचायची, आणि गोड आवाजात म्हणायचं, “चांगलं आहे हो. फक्त बंद होत नाही.” गिऱ्हाईक हसायचं आणि तिच्याकडून नवीन घेऊन जायचं. दादाचं दुकान तिने असं हळूहळू पोखरत आणलं. वडील गेल्याचं तिला गिऱ्हाइकाकडूनच कळलं; त्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पिन जरा जास्तच जोरात खोचायला लागली.

“दादाला काय सांगून आलीस?” तिने आता विचारलं.

आई पिशवीचे बंद नीट करू लागली.

“आई, दादाला काय सांगितलंस?”

“मावशीकडे जाते म्हटलं. गुडघ्याला तेल लावायला.”

“वा! म्हणजे चोरून आलीस.”

“घरात राहायचंय मला. तो म्हणतो, तुझं नाव काढलं तर माझंही सामान बाहेर. तू आहेस मजेत, तुझं दुकान, तुझं राज्य. मला त्याच्या ताटात जेवायचंय. कुठे जाऊ मी?”

“मी कुठे गेले होते?”

बाहेरून एकजण किल्ली घ्यायला आला, दोघींची तोंडं बघून “नंतर येतो” म्हणाला आणि सटकला.

“एक सांगू का?” आई हळूच म्हणाली. “मनात ठेवलंय इतकी वर्षं. कुणाला बोलले नाही. ते कुलूप दादाने नाही निवडलं.”

कुलूपवालीचा कानशीवरचा हात थांबला.

“तो दुसरंच लावत होता. साधं, बाजारातलं. मी म्हटलं, अरे, दाराला जडच पाहिजे, ते खुंटीवरचं लाव. मीच काढून हातात दिलं त्याच्या. रागात त्याला सुचलंच नाही काही. मला माहीत होतं ना, किल्ली तुझ्या गळ्यात आहे.” आईचा चेहरा उजळला होता. हे वाक्य तिने मनाशी फार वेळा म्हणून बघितलं असणार. “मला वाटलं, येशील. दुपारी तो नसताना येशील. मी रोज तुझं ताट झाकून ठेवायचे. तू आलाच नाहीस… आली नाहीस.”

मग ती थांबली. मुलगी आता रडेल, जवळ येईल, असं तिला वाटलं असावं.

कुलूपवालीने शिकंजा सैल केला, किल्ली काढली, फुंकर मारली.

“म्हणजे मी चोरून यायचं होतं,” ती म्हणाली.

“तसं नाही गं…”

“तसंच. तो नसताना. मांजरीसारखं. झाकलेलं खायचं आणि निघायचं. आपल्याच घरात मी चोरावं, म्हणून तू माझंच कुलूप लावायला दिलंस. आणि वर पुण्य केल्यासारखं सांगतेयस!”

“मी आणखी काय करू शकत होते?”

“मूठ फिरवू शकत होतीस.”

“काय?”

“आतून किल्ली लागत नाही त्याला. मी घडवलंय, मला नको सांगूस. आतली मूठ फिरवायची, बस. लहान पोरही फिरवेल. मी बाहेर उभी होते तेव्हा दाराखालून तुझी पावलं दिसत होती मला. पैंजण काढून ठेवलेली नुसती पावलं. मी इकडे, तू तिकडे, मधे एक फळी. तुझा हात त्या मुठीपासून केवढा लांब होता?”

आईने पदर तोंडाला लावला.

“रडू नकोस. दुकानात गिऱ्हाईक येतं.”

“मग काय करू सांग! पाया पडू? पडते.”

“तुझे गुडघे दुखतात, उगीच वाकू नकोस.” कुलूपवालीने कानस कपड्याने पुसली, खणात ठेवली. तिचा आवाज आता शांत झाला होता, आणि आईला तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. “मला माणूस हवंय, ते खरं आहे. नाहीतर तारीख जाईल. तुला ठेवून घेईन मी. पण मावशीकडे गेलेल्या बाईला नाही. दादा दुपारी जेवायला घरी असतो ना अजून?”

“असतो. आत्ता असेल.”

“तर घरी जा. त्याच्यासमोर आत जा. मी येऊन बेल वाजवीन. किल्ली आहे माझ्याकडे, मी लावणार नाही. तू उठायचंस, त्याच्या ताटावरून जायचंस, आणि मूठ फिरवायची. दार पूर्ण उघडायचं, फट नाही. मी आत येईन, सगळ्यांना दिसेन, पाणी पिईन. मग तू पिशवी घ्यायचीस आणि माझ्याबरोबर निघायचं. माझ्या घरी. तारखेला दवाखान्यात.”

“तो परत घेणार नाही मला.”

“नाही घेणार.”

“मी म्हातारी झाले गं.”

“मीही बाहेर उभी राहून राहून काही तरुण नाही राहिले.”

आईने भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्यांकडे बघितलं. मग पिशवी उचलली, खांद्याला लावली, पदर खोचला.

“उघडते,” ती म्हणाली. “त्याच्या नाकासमोर उघडते. आरडाओरडा करेल, ताट फेकेल. फेकू दे. वाढलंय मीच, पुसीनही मीच.” तिची हनुवटी वर होती; तीच हनुवटी कुलूपवालीला रोज आरशात दिसायची. “पण एक सांग मला. उघडलं मी, आले तुझ्याबरोबर, तुझं सगळं केलं… मग मला माफ करशील ना?”

कुलूपवालीने गळ्यातली किल्ली ब्लाउजवर काढली, सगळ्यांना दिसेल अशी. दिवा बंद केला. ‘थोड्या वेळात येते’ची पाटी कडीला अडकवली. आरशाच्या तुकड्यात बघून अंबाड्यातली पिन नीट केली.

“अगं, विचारतेय मी काहीतरी!”

ती पायरी उतरली आणि दादाच्या घराच्या दिशेने चालू लागली, नेहमीच्या तिच्या लांब ढांगा टाकत. आईला आता तिच्या आधी पोचायचं होतं. मागे तिच्या चपलांची धडपड ऐकू येत होती, धापही. कुलूपवालीने पाऊल जराही आवरलं नाही.