चुकीच्या जागेची खूण

माझे भाऊजी मारोतराव कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. बॉयलरच्या दाबाचे आणि तापमानाचे काटे खरं बोलतात की नाही, हे तपासणं त्यांचं काम. काटा केसभर इकडेतिकडे असला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. घरचं भिंतीवरचं घड्याळ ते रोज रेडिओच्या बातम्यांबरोबर ताडून पाहत. माझी बहीण रुख्मिणी म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे रोजची परीक्षा, आणि निकाल कधी लागत नाही.

त्यांचा एक नियम होता. कुठलाही स्क्रू सैल करण्याआधी तो भाग आहे त्या जागी खूण करायची, मगच हात लावायचा. हाताखालच्या पोरांना त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवत. वीस वर्षांत हा नियम त्यांनी स्वतः एकदाच मोडला. त्या एका वेळेची ही हकीकत आहे, आणि तिची सुरुवात माझ्या बढाईखोरपणापासून होते.

मी तेव्हा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमध्ये बुकिंग क्लार्क होतो आणि महाल नावाच्या जुन्या वस्तीत भाड्याने राहत होतो. शेजारच्या खोलीत सुमतीबाई राहायच्या. त्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत. त्यांच्या परदेशातल्या भावाने त्यांना टीव्हीला जोडायचा, खेळ खेळायचा एक कॉम्प्युटर पाठवला होता. सोबत फ्लॉपीचा ड्राइव्ह, म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी एक जड पेटी. खेळ त्या फ्लॉप्यांवरून यायचे. दुसरी कोणी असती तर खेळत बसली असती. या बाईंनी इंग्रजी पुस्तक वाचून, स्वतः डोकं फोडून, मुलांसाठी धडे तयार केले. पडद्यावर गाय दिसायची, खाली तीन शब्द. मुलाने बरोबर शब्द निवडला की गाय मान हलवायची. यंत्राला मराठी अक्षर ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक अक्षर त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं होतं. दोन वर्षांत एक्केचाळीस धडे, सात फ्लॉप्यांवर. ज्या मुलांना गाय हा शब्द कानांनी कधीच कळणार नव्हता, ती आता तो वाचत होती.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीची सुट्टी लागली, बाईंनी कॉम्प्युटर शाळेतून घरी आणला आणि म्हणाल्या, परदेशातून आलेले खेळ आता लागतच नाहीत, हल्ली वर्गात चालू आहेत ते धडे मात्र लागतात. मी लगेच छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या भाऊजींनी दुरुस्त केलं नाही असं यंत्र अजून जन्माला यायचं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भाऊजी रविवारी आले. पेटी उघडली, तासभर नुसते पाहत बसले, मग आम्हाला समजावून सांगितलं. फ्लॉपीवर न दिसणाऱ्या रेघा असतात, वहीवर असतात तशा. पेटीतलं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, बरोबर रेघेवर बसलं तर वाचता येतं. या पेटीचं हेड रेघेवरून सरकलेलं होतं. त्यांनी हेड सरकवणाऱ्या मोटरचे दोन स्क्रू सैल केले, मोटर किंचित फिरवली, खेळाची फ्लॉपी लावून पाहिली, पुन्हा किंचित फिरवली. खेळ लागला. सगळे खेळ लागले. भाऊजींनी स्क्रू आवळले आणि म्हणाले, आता कंपनीतून आल्यासारखी झाली.

मग सुमतीबाईंनी आपल्या धड्यांच्या फ्लॉप्या लावल्या. सातांतली एक लागली. बाकी सहा पेटीने वाचल्याच नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण भाऊजींचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

त्यांच्या लगेच ध्यानात आलं होतं. हेड सरकलेलं असतानाच बाई धडे लिहीत होत्या आणि सरकलेलं असतानाच वाचत होत्या. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही रेघ सोडून चालत होते, म्हणून त्यांचं जमत होतं. भाऊजींनी वाचणाऱ्याला रेघेवर आणलं. लिहिलेलं राहिलं बाजूला.

मी म्हटलं, मग जुन्या जागी परत न्या ना मोटर. ते पेटीत पाहत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "खूण नाई केली म्या."

"काहून?"

"चुकीच्या जागेची खूण कोण करते गा?"

सुमतीबाई आमच्यासमोर रडल्या नाहीत. पुन्हा करीन म्हणाल्या. पण छत्तीस धडे पुन्हा करायचे म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि तोवर मोठी मुलं शाळा सोडून जाणार होती. मला इतकी लाज वाटली की मी भाऊजींना जिन्यात गाठून म्हटलं, विलायती वस्तू आहे, आपोआप बिघडली म्हणून सांगून टाकू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं तर मान खाली जाते. शाळा उघडायला अठरा दिवस होते. ते वर जाऊन बाईंना म्हणाले, "शाळेच्या पयल्या दिवशी तुमचे धडे तुमच्या हातात देतो. मीच घालवले, मीच आणतो."

महालात दिवसातून दोनदा वीज जायची, म्हणून सगळं सामान गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन ते कोराडीच्या बसने आपल्या कॉलनीत गेले. तिथे वीज जात नसे, पण राख उडायची, आणि राखेचा एक कण फ्लॉपीवर बसला की संपलं. रुख्मिणीने खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. तिची दिवाळी गेली, टीव्ही गेला, बैठकीच्या खोलीत पाय ठेवायची सोय राहिली नाही. ती नवऱ्याला तीन दिवस टाकून बोलली आणि तिन्ही दिवस चादरी न सांगता ओल्या करत राहिली.

भाऊजींनी रजा टाकली. मोटर फिरवायची ती इतकी थोडी की डोळ्याला दिसू नये. म्हणून त्यांनी मोटरला खराट्याची एक लांब काडी चिकटवली आणि तिच्या टोकाखाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे घातले, वीज केंद्रातल्या काट्यासारखे. मोटर केसभर हलली की काडीचं टोक चांगलं बोटभर सरके. शून्य म्हणजे कंपनीची सरळ जागा. तिथून एकेक आकडा पुढे जायचं, स्क्रू आवळायचे, सहांतली एक निवडली होती तीच फ्लॉपी लावायची, नाही लागली की स्क्रू सैल. एका बाजूला तीसपर्यंत गेले, काही नाही. दुसऱ्या बाजूला निघाले. मी भाऊबीजेला गेलो तेव्हा ते खाली मान घालून तेच करत होते आणि ताटातली करंजी तशीच होती.

त्याच दुपारी एकोणीसवर ती फ्लॉपी लागली. पडद्यावर धड्यांची यादी आली. मी उडीच मारली. भाऊजींनी दुसरी फ्लॉपी लावली. नाही. तिसरी नाही. पाचही नाहीत. आकडा तोच, पेटी तीच, आणि फ्लॉप्या मुक्या. मी तर हरलो. रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली.

मग भाऊजींनी मला विचारलं, त्या दिवशी महालात सरळ जागेवर जी एक फ्लॉपी लागली, ती कोणती होती? मी सांगितलं, बाईंनी सगळ्यात आधी केलेली. ते उठले आणि हात धुवून करंजी खायला बसले. हेड एकदम सरकलंच नव्हतं. दोन वर्षांत थोडं थोडं सरकत गेलं होतं, आणि प्रत्येक फ्लॉपी आपापल्या दिवसातल्या वाकड्या जागी लिहिली गेली होती. जुन्या फ्लॉप्या वर्गात बरेच दिवस लावल्याच नव्हत्या, म्हणून बाईंना ते कळलं नव्हतं. एकच जागा शोधणं चूक होतं. जागा सहा होत्या, आणि त्या ओळीने असणार होत्या.

फक्त कोणती फ्लॉपी आधीची आणि कोणती नंतरची, हे फ्लॉपीवर लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सुमतीबाईंना कोराडीला घेऊन गेलो. तारखा त्यांना आठवत नव्हत्या, मुलं आठवत होती. हा धडा केला तेव्हा गोपिका नुकतीच काटोलहून आली होती, काही खात नव्हती. हा केला तेव्हा कवडूने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. अशा सांगत सांगत त्यांनी सहा फ्लॉप्या ओळीने मांडल्या. शेवटची होती तीच एकोणीसवर लागलेली. तिच्या आधीची सोळावर लागली. तिच्या आधीची बारावर. बाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि आता त्या रडल्या.

तरी काम संपलं नव्हतं. पेटी एकच. वाकडी करून धडा वाचायचा, तो कॉम्प्युटरमध्ये असेपर्यंत पेटी सरळ करायची, नव्या फ्लॉपीवर लिहायचा, पुन्हा वाकडी करायची. छत्तीस वेळा. भाऊजींनी एकही धडा घाईने केला नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक्केचाळिसावा धडा सरळ रेघेवर बसला.

शाळेत पेटी पोचवायला आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी मुख्याध्यापिकेसमोर आपली चूक स्वतःहून सांगितली, आणि सुमतीबाईंना एक ताकीद दिली. परदेशी खेळांतला एक लावला की, तो लागो न लागो, हेडला ठोकर देतो, पेटी खडखड हादरते, त्याच ठोकरींनी मोटर सरकते. तो खेळ आजपासून बंद. बाई बरं म्हणाल्या, पण त्यांचं तोंड उतरलं.

मुलं आली. पडद्याकडे कोणी गेलंच नाही. गोपिकाने पेटीवर दोन्ही तळवे ठेवले, मग कवडूने, मग आणखी पाच-सहा हात, एकावर एक. सगळी वाट पाहत उभी. बाईंनी धडा लावला. पेटी गप्प राहिली. मुलं एकमेकांकडे पाहू लागली, आणि गोपिकाने मुठीने टेबल ठोकून बाईंना खुणेने विचारलं, ते कुठे गेलं?

सुमतीबाई खाली पाहत म्हणाल्या, "यांना ऐकू येत नाही ना. तो खेळ लावला की हातांना कळतं. आमचा वर्ग रोज तिथूनच सुरू होतो."

भाऊजींनी मुलांच्या हातांशेजारी आपला तळवा ठेवला.

"लावा बाई तो खेळ," ते म्हणाले.

"पण पुन्हा वाकडी होईल."

"होऊ द्या. सरळ कराले मी आहो ना."

त्यानंतर ते दर सहा महिन्यांनी कोराडीहून बसने त्या शाळेत जात. पेटी उघडून सरळ करत, सगळे धडे लावून पाहत, आणि निघण्याआधी स्वतःच्या हाताने तो ठोकर देणारा खेळ लावून मुलांना जवळ बोलवत.