डोमाजीची जीप आणि छागलभर पाणी

एकाहत्तरच्या मे महिन्यात आमची तुकडी सावनेरच्या पुढे फायरिंगच्या सरावाला होती. मी लान्स नायक, व्हेईकल मेकॅनिक. स्वभाव उतावळा, बंद गाडी दिसली की हात शिवशिवायचे.

त्या दुपारी जीपचा ड्रायव्हर डोमाजी ऊन लागून कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं. त्याला मागे निजवून मी जीप नागपूरच्या हॉस्पिटलकडे पिटाळली. हवालदारसाहेब त्याच्याजवळ बसून कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी त्याच्या अंगावर शिंपडत होते.

वाटेत जीप धक्के खाऊ लागली आणि थांबली. मी बॉनेट उघडून प्लगचा स्पार्क पाहिला. निळा हवा तो लालसर, मरतुकडा. ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला तर चटका बसला. या डब्यात तारेचे दोन वेढे असतात, एक जाड, एक बारीक. इंजिनबरोबर उघडमीट करणारा स्विच, म्हणजे पॉइंट, उघडला आणि जाड वेढ्यातला बॅटरीचा करंट तुटला, की बारीक वेढ्यात हजारो व्होल्ट उसळतात आणि प्लगवर ठिणगी पडते. आतलं इन्सुलेशन थकलं की कॉइल तापल्यावर दगा देते, थंड झाली की पुन्हा चालते. स्पेअर मागितली होती, आली नव्हती. थंड व्हायला वेळ लागणार होता आणि डोमाजीपाशी तोच नव्हता.

हवालदारांनी वायरलेस उचलला. "दूसरी गाडी भेजो. ओव्हर."

"गाडी नहीं है. उसी से पहुँचो. ओव्हर."

कॉइलवर ओतायला मी छागल मागितली.

"पानी मरीज का है," हवालदार म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. मी जीपभोवती येरझाऱ्या घालू लागलो.

"काहून थांबला गा?" डोमाजीनं क्षीण आवाजात विचारलं.

"कॉइल तापली, दादा."

"मंग तिले पाज. मले नको." गळ्यातला दुपट्टा काढून द्यायला त्याचा हात उठेना.

मला रडू आलं. हवालदारांनी छागल दिली. त्याचा दुपट्टा काढून कॉइलला गुंडाळला आणि मी पाणी ओतलं. थोड्या वेळानं इंजिन लागलं. वाटेत आणखी एकदा थांबून ओतावं लागलं. हॉस्पिटल आलं तेव्हा छागल रिकामी होती.

डोमाजी वाचला. शुद्धीवर येताच म्हणाला, "गाडी ठीक हाय ना?"

पुढे मी नवी कॉइल बसवली. त्यानं दुपट्ट्याची एक पट्टी फाडून तिच्या ब्रॅकेटला बांधली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"राहू दे गा. तिले वाईट वाटन."

डिसेंबरात युद्ध झालं. डोमाजी घेऊन गेलेली जीप आघाडीवरून आमच्या वर्कशॉपला आली. डोमाजी आला नाही. मी बॉनेट उघडलं. पट्टी तिथंच होती, धुळीनं कडक झालेली. कॉइल थंडगार होती. तरी मी छागल आणली आणि पट्टी भिजवली.