हलून राहिलेले रेणू

औशाच्या बसस्टँडवर अण्णांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "लातूर झालं, नांदेड झालं, आता पुणं. एक साल बघ. न्हाई जमलं तर वापस ये. लातुरात शिकवायची नोकरी हाय की." आईने एवढेच बजावले, "तिथं लई शहाणपण करू नको."

पुण्यात मी नेमके तेच केले.

माझा संशोधनाचा विषय प्रतिपिंडे: रोगजंतूंना पकडण्यासाठी शरीर तयार करते ते, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे रेणू. स्फटिकात ते गोठलेले दिसतात. मला ते द्रावणात पाहायचे होते. द्रावणावर क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात याचा आलेख घ्यायचा आणि संगणकावर रेणूची प्रतिकृती बांधून त्याच्याशी ताडून पाहायची. माझा आलेख कोणत्याच प्रतिकृतीशी जुळेना. साल सरत आले तेव्हा मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नमुना खराब आहे. विषय बदला." विषय गेला की पुणे गेले, हे मला ठाऊक होते.

प्रयोगशाळेच्या बैठकीत मी उभी राहिले आणि घाईत घरचीच मराठी तोंडून निघाली.

"मॅडम, नमुना चांगला आहे. रेणू हलून राहिलेत."

हशा पिकला. एक सहकारी म्हणाला, "हलून राहिलेत, की राहून हललेत?"

"हलून राहिलेत. म्हणजे अजून थांबलेले नाहीत. आपण त्यांना एकच आकार देतो आहोत, चूक तिथे आहे."

बाई हसल्या नाहीत. "दाखवा," म्हणाल्या.

द्रावण पातळ करत नेऊन त्यात गुठळ्या नाहीत याची मी आधी खात्री केली. मग 'वाय'चे हात मधल्या बिजागरीवर मोकळे सोडले. सुटा आकार एकही पुरेना. अनेक आकारांचा एकत्रित आलेख मात्र मोजलेल्या आलेखावर चपखल बसला. विषय माझ्याकडेच राहिला.

अण्णांना फोन केला. "मी वापस येत न्हाई."

ते म्हणाले, "जमलं म्हण की! मग लातूरवाल्यांना न्हाई म्हणून सांगू?"

"सांगा."

माझ्यासारख्या घर सोडून निघालेल्यांना आणि मागे राहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. परतीची सोय मी स्वतःच मोडली, याचे दुःख आहे, पश्चात्ताप नाही. पूर्वी आई फोनवर विचारायची, "कवा येणार?" आता मी उंबरठा ओलांडताच विचारते, "कवा जाणार हायस?" तिला त्या बेताने शेंगदाणे भाजून माझ्यासोबत द्यायची चटणी कुटायची असते. माझे जाणे धरूनच जिथे चूल पेटते, ते माझे घर.