ओकावांगोतला घास

बाबा गेल्यावर आईला मी ईडन प्रेरीला आमच्या घरी आणलं, तेही ऐन जानेवारीत. नागपूरच्या उन्हात हयात काढलेल्या बाईला मिनेसोटाच्या बर्फात आणून बसवायला मला याहून चांगला मुहूर्त सापडला नाही. ती दिवसभर किचनच्या खिडकीशी बसून गोठलेल्या तळ्याकडे बघायची. काहीही विचारलं तरी उत्तर एकच. भाजी कशी झालीय? छान. झोप लागली का? छान. थंडी वाजतेय का? तरी छान!

आमच्या आईला जे ओळखत नाहीत त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण नागपुरात तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. दूधवाला तिच्या दारात माप भरताना सरळ उभा राहायचा. लग्न होऊन मी अमेरिकेत आले तरी ती मला फोनवरून रागवायची, आणि बिल वाढतं म्हणून भराभर रागवायची. तीच बाई आता कुजबुजल्यासारखी "छान" म्हणायची आणि मला धडकी भरायची. बाबा तर गेलेच होते, आता आईही हळूहळू निघून चालली आहे असं मला वाटायला लागलं होतं. महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू मला म्हणाल्या, "वेळ द्यावा लागतो गं." वेळ देणं माझ्या स्वभावात नाही.

आपण होऊन ती एकच गोष्ट करायची. जेवायला बसण्यापूर्वी वरणभाताचा एक घास बाबांच्या नावाने डेकच्या कठड्यावर ठेवायची, कावळ्यासाठी. त्या बर्फात कावळा क्वचितच फिरकायचा. शेजारच्या ओकवरची जाडजूड खार यायची आणि दोन्ही हातांनी भात खाऊन जायची. आई काचेतून बघत राहायची.

दुसरा हिवाळाही तसाच गेला. २००६च्या वसंतात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणीतरी बोट्सवानाचे फोटो दाखवले आणि तो पेटूनच घरी आला. होडीतून हत्ती बघायचे, उघड्या गाडीतून सिंह बघायचे, रोज तंबूत झोपायचं! मी तर त्याच्याहून जास्त पेटले. अकरा वर्षांची आमची लेक सोफ्यावर उड्या मारायला लागली.

"आईसुद्धा येणार," मी जाहीर केलं.

"यार, त्यांचं वय बघ जरा. कॅम्पिंग आहे ते."

"तिचे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत." मी लगेच खिडकीशी गेले. "आई, आफ्रिकेच्या जंगलात तंबूत राहायला येतेस?"

"छान," आई म्हणाली. तेवढ्यावर मी चार जणांचं बुकिंग केलं.

पुढचे महिने घरात लग्नघाई होती. नवऱ्याने इतके खिसे असलेली पँट आणली की चावी कुठल्या खिशात ठेवली ते त्यालाच सापडेना. सराव म्हणून आम्ही बॅकयार्डमध्ये तंबू लावला, तो तीनदा आमच्याच अंगावर पडला, आणि शेजारी हातातलं ग्रास कटिंग सोडून मदतीला आला. आई डेकवरच्या खुर्चीतून सगळं बघत होती. पूर्वीची आई असती तर खाली उतरून तिने दोघांनाही बाजूला केलं असतं.

ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसहून विमानं बदलत बदलत आम्ही माऊन नावाच्या गावी पोचलो. ओकावांगो नदीचा अफाट पाणथळ प्रदेश तिथूनच सुरू होतो. गाइड घ्यायला आला होता, धिप्पाड आणि हसतमुख. आईला तो "मा" म्हणाला, तिकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्याने आम्हाला गाडीजवळ उभं करून नियम सांगितले. उजाडायच्या आत तंबूतून बाहेर यायचं नाही, प्राणी दिसला की पळायचं नाही, आणि खाण्याचा एक कणही बाहेर ठेवायचा नाही. सगळं गाडीतल्या पेटीत कुलपाखाली. मी आईला मराठीत समजावलं. तिने मान हलवली. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला, छाती पांढरीशुभ्र, बनियन घातल्यासारखी. आई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोकोरोत बसलो. मोकोरो म्हणजे लांबट, अरुंद होडी. तिच्यात दोघं पुढेमागे बसतात आणि एक जण मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो. पाणी माझ्या कोपराला लागत होतं! दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच लव्हाळी, कमळं आणि काचेसारखं स्वच्छ पाणी. एका वळणावर काठीवाल्याने होडी एकदम थांबवली. समोर हत्ती. एक, मग दुसरा, मग पिल्लू, मग मोजणं सोडून द्यावं इतके. पोटापर्यंत पाण्यात उतरून ते आमच्यासमोरून निवांत पलीकडे गेले आणि पिल्लाची तेवढी सोंड पाण्यावर दिसत राहिली. लेक मागच्या होडीतून ओरडली, "ओ माय गॉड, मॉम!" आणि बापाने तिचं तोंड दाबलं. माझ्या अंगावर काटा आला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पुढे बसलेल्या आईच्या खांद्याला हात लावला.

"आई, कसं वाटलं?"

"छान," आई म्हणाली.

मला इतका राग आला की मी पाण्यात उडी मारायचीच काय ती बाकी राहिली. जगात अजून काय दाखवायचं हिला? पुढे पाणघोडे आले, पाण्यातून उड्या मारत जाणारी हरणं आली. मी प्रत्येक वेळी तिच्याकडे बघितलं आणि प्रत्येक वेळी तेच.

होडीचे दिवस संपवून आम्ही कोरड्या जंगलात आलो. आता उघड्या गाडीतून भटकायचं आणि झाडाखाली तंबू टाकायचे. पहिल्याच फेरीत सिंहिणी दिसल्या, गाडीच्या चाकाजवळ आडव्या पडलेल्या, मांजरासारख्या जांभया देत. नवरा एवढा गडबडला की त्याच्या सगळ्या फोटोंत फक्त गवत आलं.

त्या मुक्कामात एकदा संध्याकाळी मी तंबूच्या मागे गेले, तर एका सपाट दगडावर भाताचा घास. आई नियम ऐकून मान हलवते आणि करायचं तेच करते, हे मला माहीत असायला हवं होतं. मी तो उचलायला वाकले आणि तशीच थांबले. तिने स्वतःहून करावं असं जगात हे एवढंच उरलं होतं. मी गुपचूप परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून आम्ही चहाला बसलो. मी घरून बेसनाचे लाडू करून आणले होते. आईने तोवर एकालाही हात लावला नव्हता. गाइड गाडीचं चाक बघत होता, नवरा दाढी करत होता, आणि मी डबा उघडा ठेवून कप आणायला वळले. तेवढ्यात तंबूच्या मागून तो आला. बबून, आफ्रिकेतलं दांडगं माकड! केवढा होता, आमच्या लेकीएवढा तरी, मोठ्या कुत्र्यासारखं तोंड आणि त्यात लांब सुळे. दगडावरचा घास तो आधीच खाऊन आला होता, दाढीला शितं चिकटली होती. आम्ही जागच्या जागी गोठलो. तो रुबाबात टेबलापाशी आला, लाडवांचा डबा काखेत मारला आणि निघाला.

"ए मुडद्या!"

सगळं जंगल दणाणलं. झाडावरचे पक्षी उडाले. मला क्षणभर कळेना, कोण ओरडलं.

"ठेव तो डबा! ठेव म्हणते ना! माझ्या लेकीने हात मोडून भाजलंय ते बेसन, तुझ्यासाठी नाही! ठेव, मेल्या!"

आई एका हातात तवा, दुसऱ्या हातात उलथनं घेऊन ते बडवत त्याच्या मागे निघाली होती. पदर खोचलेला, चपला कुठल्या कुठे. "आई, नको!" मी किंचाळले. गाइड फावडं घेऊन धावला. बबूनने वळून आईकडे एकदा पाहिलं आणि दात दाखवले. आईने पुढचं पाऊल टाकलं आणि त्याच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. त्याने डबा टाकला आणि झाडावर चढला.

गाइडने फावडं खाली ठेवलं. मग फार गंभीरपणे त्याने सांगितलं की बबूनच्या मागे कधी धावायचं नसतं, त्याचा एक चावा हाडापर्यंत जातो. मग त्याला तो दगड आणि उरलेली शितं दिसली. हे कुणी ठेवलं, त्याने विचारलं. मी काहीतरी थाप मारणार होते.

"सांग त्याला, मी ठेवलं," आई म्हणाली. "माझ्या नवऱ्यासाठी. आणि सांग, चूक झाली, आता नाही ठेवणार."

मी भाषांतर केलं. गाइडने टोपी काढली. मग तो आईला म्हणाला, "मा, हे प्राणी एकदा माणसाच्या हातचं खायला शिकले, की शेवटी त्यांना मारावं लागतं." मी तेही मराठीत सांगितलं आणि आईने ते नीट ऐकून घेतलं. "त्यांनाही ते आवडलं नसतं," ती म्हणाली. बाबांबद्दल ती इतकं तरी बोलली होती, दीड वर्षात पहिल्यांदा.

मग ती खुर्चीत बसली. छाती धपापत होती, केस सुटले होते, गाल लाल झाले होते. लेक तिच्याकडे आ वासून बघत होती. "आजी, दॅट वॉज सो ऑसम!" आईने चेपलेला डबा मांडीवर घेतला, तळाशी राहिलेला लाडू उचलला, फुंकर घातली आणि अर्धा तोंडात टाकला. आम्ही सगळे बघत होतो.

"बेसन कच्चं राहिलंय," आई म्हणाली, अख्ख्या मुक्कामाला ऐकू जाईल अशा आवाजात. "हजारदा सांगितलं तुला, खमंग वास सुटेपर्यंत गॅसपासून हलायचं नाही. पण ऐकेल ती तू कसली! सगळी घाई. तुपात पण हात आखडलास. आणि असा डबा कुणी उघडा टाकतं का, माकडांच्या गावात?"

मी खाली मातीत बसले आणि रडायला लागले. थांबेचना.

"मॉम? व्हाय आर यू क्राइंग?" लेक घाबरली. "आजी, यू हर्ट हर फीलिंग्ज!"

"तिला काही झालेलं नाही," आई म्हणाली. "ऊठ गं. तोंड धू आणि चहा टाक, सगळ्यांना. माझ्यात साखर जास्त."

मी उठले आणि चहा टाकला.