पोफळीवरचा धाकटा
धाकटा भाऊ सुपारी काढायला पोफळीवर चढला की अख्खी आळी मान वर करून बघे. एका झाडाचे घोस काढून झाले की खाली न उतरता तो शेंडा हलवून झोका घ्यायचा आणि शेजारच्या पोफळीला मिठी मारायचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, पण मला अर्ध्या झाडावरच घाम फुटायचा. वडील येईल त्याला सांगत, "वाडी राखणार तर ह्योच." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका हिवाळ्यात, तीस-एकतीस साल असेल, तो सकाळी उठल्याबरोबर डोकं धरून ओकायला लागला. उभा राहिला की तोल जायचा. ओली सुपारी खाऊन गरगरणं आमच्याकडे नवं नव्हतं. मीच वडिलांना म्हटलं, "त्याला सुपारी लागलीय. चोरून खातो, दुसरं काय न्हाय." वडिलांनी त्याला पहिल्यांदाच माझ्यादेखत झापलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग एकदा झाडावर असताना त्याच्या डाव्या हातातून कोयता निसटला. वरून म्हणाला, "दादा, पोफळी दोन दोन दिसतायत." उतरताना त्याचा डावा पाय सारखा घसरत होता. हे मी घरी सांगितलं नाही. त्याचं ओकणं थांबेना, तेव्हा खाल्लेल्या सुपारीचा अंमल उतरेपर्यंत त्याने चढायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं आणि त्याच्या जागी मला चढवलं. मला तेवढंच हवं होतं.

महिन्याभराने त्याला फीट आली, तेव्हा वडील त्याला आगबोटीने मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. मेंदूत गाठ आहे, फार वाढलीय, आता हात लावता येणार नाही, असं ते म्हणाले.

परत आला तो बाजेवरच. डावं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलता बोलता शब्द हरवायचे. आई त्याला भात कालवून भरवायची, वडील त्याचे पाय चेपायचे. माझे पाय त्यांनी कधी चेपले नव्हते. लिहायला लाज वाटते, पण त्या लुळ्या पायाचाही मला हेवा वाटे.

शेवटी शेवटी त्याच्या आठवणी उलटसुलट झाल्या. एका दुपारी शेजारी त्याला बघायला आले होते, वडील उशाशी होते. उजव्या हाताने मला जवळ ओढून तो अडखळत शेजाऱ्यांना म्हणाला, "पोफळीवर चढावं तर दादानंच. ह्या झाडावरनं त्या झाडावर जायचा. मला कधी जमलंच न्हाय."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले असावेत. जे ऐकायला माझे कान आसुसले होते ते ऐकत मी तसाच बसलो, आणि त्याचं बोलणं खोडून काढलं नाही.