डेमूतलं जेवण

माझ्या मायला बस लागते. हुमनाबादहून गुलबर्ग्याला माझ्या घरी यायचं म्हणजे वळणावळणाला ओकारी. म्हणून माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षांत ती जेमतेम चारदा आली. मग डेमू रेल्वे सुरू झाली. डिझेलवर वीज करून पळणारी ही गाडी, दोन्ही तोंडांना ड्रायव्हरची केबिन. इंजिन सोडा, फिरवा, जोडा ही भानगडच नाही. मायला ती अशी मानवली की महिन्याला यायला लागली. म्हणायची, "पोटातलं पाणी हालत न्हाई बग."

पण घरी आली तरी पाण्याचा घोट घ्यायची नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी अन्नपाणी घेत नाहीत. मला मूल नाही, आणि आता होणारही नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलंय. माय पिशवीतून आपली बाटली काढून प्यायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझ्या पाण्यात काय किडे पडलेत?" असं मी एकदा ताडकन बोललेसुद्धा. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शेवटी तोडगा मीच काढला. डेमू काही माझं घर नव्हे! परतीची गाडी लागली की मी डबा घेऊन तिच्याबरोबर आत चढायची. गाडी सुटायला वेळ असतो. तेवढ्यात भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी. पायाखाली इंजिन घरघरतं, डब्याची झाकणं आपली आपणच वाजतात आणि माझी माय जेवते. मी हावऱ्यासारखी बघत बसायची.

गेल्या महिन्यात तिचा उजवा हात मुरगळला होता, म्हणून मीच भरवत होते. समोरच्या बाईनं कानडीत विचारलं, लेक का तुमची? लेकरं किती हिला? मी खिडकीबाहेर बघायला लागले. या प्रश्नाला तोंडात येईल ते बोलावंसं वाटतं मला, पण मायसमोर गप्प बसते.

मायनं घास गिळला आणि कानडीतच ठणकावलं, "एक हाय की. मी! बगत न्हाई का, कशी भरवायलीय."

बाई हसली. मायही हसली.

सुटायची वेळ झाली, तसा मी डबा आवरला. माय म्हणाली, "पुढच्या बारीला डबा आणू नको."

एवढं एक सुख होतं, तेही गेलं. "कामून?" मी जवळजवळ ओरडलेच.

"घरीच जेवते की. गरम गरम वाढ." तिनं डाव्या हातानं माझा गाल चाचपला. "लेकरू झाल्यावर जेवायचं असतंय न्हवं? झालंय की तुला."

कशीबशी उतरले. गाडी हलली आणि मी फलाटावर उष्टा डबा धरून हमसून हमसून रडले. लोक बघत होते. बघू देत.